आधी टब, मग कॉफी

मी टब बोलतोय. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग ऐका. अंघोळीचा टब नव्हे, कपडे भिजवायचाही नव्हे. सरकारी टब आहे मी. माझ्या काठावर सतरा हा आकडा कोरलाय आणि त्याची नोंद थेट राजधानीतल्या खात्यात आहे. आमच्या फेरो बेटांवर माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आणि मेंढ्यांपेक्षा मासे जास्त. तरी सरकारी नियमावलीत एक अख्खं वाक्य आहे ते माझ्यासाठी. मेंढ्यांना विचारा, त्यांच्यासाठी एवढं कोणी लिहिलंय का!

ते वाक्य मला तोंडपाठ आहे. 'मासे उचलल्यावर टबातील पाणी चाळणीतून गाळावे आणि तळाशी पडलेल्या उवाही मोजाव्यात.' किती सरळ, किती खणखणीत! लिहिणाऱ्याचे हात धुऊन पाणी प्यावं.

हो, उवाच. तुमच्याकडे त्या पोरांच्या डोक्यात होतात, आमच्याकडे सॅमन माशांच्या अंगावर. समुद्रातल्या त्या, नखाएवढ्या, तपकिरी, मागे अंड्यांच्या दोन शेपट्या लोंबणाऱ्या. चार-दोन असल्या तर मासा मनावर घेत नाही. वाढल्या की कातडी सोलून काढतात. एका खाडीतल्या वाढल्या की पिल्लं प्रवाहाबरोबर शेजारच्या खाडीत जातात, तिथून पुढच्या. म्हणून सरकार मोजतं, आणि मोजायला मी लागतो.

माझा जन्म डेन्मार्कच्या एका कारखान्यातला. गरम साच्यातून माझ्यासोबत त्याच दिवशी दोनशे भाऊ निघाले. कोणी मटण खारवायला गेला, कोणी बटाटे ठेवायला. मी शुभ्र निघालो, काळ्या तपकिरी उवा पांढऱ्यावर लगेच दिसतात, म्हणून खात्यात भरती झालो. रंगावर नोकरी लागली हे मी लपवत नाही. टिकली मात्र कामावर.

इथे आलो तो एल्स्पाच्या हाती पडलो. एल्स्पा म्हणजे आमच्या खाडीची मोजणी करणारी बाई. साठीच्या आसपासची, हाडापेराने मजबूत, बोलायला तिखट. तिच्या घरामागे फटीफटीच्या फळ्यांचं खोपटं आहे, तिथे वाऱ्यावर मेंढीचं मांस वाळत टांगलेलं असतं आणि खाली माझी जागा. फटीतून मला खाडी दिसते, रस्ता दिसतो, येणारे-जाणारे दिसतात. शिवाय एल्स्पाला टब घासताना बोलायची सवय आहे. घरात दुसरं कोणी नाही, म्हणून जे बोलते ते माझ्याशीच.

काम असं. खाडीत एका कंपनीचे माशांचे चार गोल पिंजरे. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक पिंजऱ्यातले दहा मासे काढायचे. माझ्यात गुंगीचं पाणी. मासा झोपला की त्याच्या अंगावरच्या मोठ्या माद्या मोजायच्या, ताज्या पाण्यात त्याला जागं करायचं आणि परत सोडायचं. मग माझं पाणी गाळायचं, कारण धडपडीत काही उवा सुटून माझ्या तळाशी बसतात. चाळीस माशांमागे चाळीसपर्यंत चालतात. एक्केचाळिसावी आली की लाल शेरा. एका हंगामात तीन लाल शेरे झाले की मुदतीआधी सगळे मासे काढायचे आणि खाडी आठ महिने रिकामी ठेवायची.

मोजणारं माणूस कंपनीचं नसावं, बाहेरचं असावं, असाही एक नियम आहे. वाचायला छान आहे. पण ज्या गावात निम्मे लोक एकमेकांचे मावसभाऊ आणि उरलेले निम्मे त्यांचे साडू, तिथे बाहेरचं माणूस आणायचं कुठून? आमच्या पिंजऱ्यांवरचा मुकादम हानुस हा एल्स्पाच्या सख्ख्या भावाचा मुलगा. खात्याने विचारलं तेव्हा एल्स्पा म्हणाली होती, "नात्याचं नको असेल तर समुद्राला विचारा, तो तेवढा कुणाचा लागत नाही."

तिने ही नोकरी का धरली, ते मला पहिल्याच हिवाळ्यात कळलं. पूर्वी हे नियम नव्हते. तिच्या नवऱ्याचे, सामालचे, याच खाडीत स्वतःचे पिंजरे होते. ज्याचे पिंजरे त्याची मोजणी, तीही स्वयंपाकघरात बसून, सकाळच्या कॉफीबरोबर. "कसे आहेत मासे?" "बरे आहेत." झाली मोजणी! शेजारचाही बरे म्हणतो, मग आपण कशाला वेगळं बोला. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग माशांत साथ आली. एक खाडी गेली, दुसरी गेली, तिसरी आमची. सामालने मेलेले मासे स्वतःच्या हाताने ओढून काढले आणि त्यानंतर जितकी वर्षं जगला, तितकी खिडकीत बसून रिकाम्या पाण्याकडे बघत जगला.

"मला माहीत होतं रे," एल्स्पा मला घासताना म्हणाली होती. "मासे कापायच्या टेबलावर मीच होते. कातडीवर व्रण दिसत होते. पण तो बरे म्हणाला, मीही बरे म्हणाले." आणि मग ती इतक्या जोराने घासायला लागली की मला वाटलं, माझा आकडा पुसला जातो.

साथीनंतर आणखी एक नियम आला. एका पिंजऱ्यावरची वस्तू दुसऱ्याकडे नेण्याआधी धुऊन औषध मारायचं. हा मात्र लोकांच्या हाडात मुरला. बूट, जाळी, हातमोजे, दिसेल ते धुणार. टब दिसला रे दिसला की यांच्या हातात नळी. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एल्स्पाचा स्वतःचा एक नियम होता. मोजणी संपेपर्यंत तराफ्यावर, म्हणजे पिंजऱ्यांपाशी तरंगणाऱ्या फळीवर किंवा तिच्यावरच्या खोलीत, कॉफी घ्यायची नाही. आता आमच्या बेटांवर कॉफी नाकारणं म्हणजे काय, तुम्हाला कसं सांगू! भांडायला आलेल्या माणसालाही इथे आधी बसवून कॉफी देतात, मग भांडतात. हानुस दर वेळी विचारायचा आणि दर वेळी तोंडावर पडायचा.

"आत्या, घोटभर तरी."

"तराफ्यावर मी आत्या नाही."

"बरं, मोजणीबाई. घोटभर तरी घ्या."

"पेल्यात तोंड बुडवून बसलेला माणूस सरळ मोजत नाही. मासा आण."

असं त्यांचं चालायचं. एकदा हानुसच्या हातून मी धक्क्यावर आपटलो आणि माझ्या तळाला चीर गेली. गळत काही नाही, पण नख अडकतं. "हा भंगारात टाक, आत्या," हानुस म्हणाला. एल्स्पा म्हणाली, "तुझा गुडघा चालताना वाजतो, तुला टाकला का कोणी?" त्या दिवसापासून मी त्या बाईसाठी बुडायलाही तयार आहे, आणि प्लास्टिकला बुडणं किती जड जातं ते मलाच माहीत.

आता त्या दिवसाकडे येतो.

शरद संपत आला होता. हंगामात दोन लाल शेरे झाले होते. तिसरा झाला तर पिंजरे रिकामे, मासे कापायच्या टेबलावरच्या अकरा बायका घरी, आणि हानुसची मुकादमी गेली. त्यातच तीन आठवड्यांपूर्वी हानुसची बायको रन्वा बाळंत झाली होती. मुलगी. गावात सगळे वरवर हवापाण्याच्या गप्पा मारत होते आणि आतून धास्तावले होते.

पहिल्या पिंजऱ्यात तळाच्या धरून नऊ भरल्या. दुसऱ्यात अकरा, त्यातल्या तीन माझ्या तळाच्या. तिसऱ्या पिंजऱ्यातल्या दहा माशांच्या अंगावर आठ. दहावा मासा पाण्यात परत गेला आणि एल्स्पाने चाळणीकडे हात केला, तेवढ्यात हानुस म्हणाला, "आत्या, रन्वाने रुबार्बचा केक पाठवलाय. आणि निरोप आहे. रविवारी बाप्तिस्म्याला पोरीला हातात धरून तू उभं राहायचंस."

एल्स्पाला मूलबाळ नाही. दुसऱ्यांच्या पोरांसाठी तिने आयुष्यभर मोजे विणले, पण चर्चमध्ये पोर हातात घेऊन पुढे उभं राहा असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. तिने हातमोजे काढले. डोळे पुसले, वारा नव्हता तरी. "चल," ती म्हणाली, "थंड होईल कॉफी." आणि मोजणी अर्धी टाकून आत गेली! मला तर वाटलं, सूर्य उत्तरेला उगवला.

आतून हसण्याचे आवाज येत होते. जरा वेळाने हानुस काहीतरी न्यायला बाहेर आला, शीळ घालत, बाप झालेला माणूस घालतो तशी. त्याला मी दिसलो. आणि टब दिसला की काय करायचं हे त्याच्या हातांना पाठ होतं. त्याने मला आडवा केला, पाणी समुद्रात ओतलं, नळी मारली, औषध मारलं, लखलखीत केला. अरे चाळणी! आधी चाळणी, गाढवा! मी ओरडलो. पण टबाचं कोण ऐकतं.

एल्स्पा आली ती वेगळ्याच जगातून आली. मी धुऊन ठेवलेला दिसलो, चाळणी रिकामी. तिला वाटलं, आपणच गाळलं. 'तळाशी: शून्य' असं तिने कागदावर लिहिलं. चौथ्या पिंजऱ्यात सगळ्या मिळून दहा. एकूण अडतीस. पास! हानुसने तिला उचलून गोल फिरवलं. बोट धक्क्याला लागली तेव्हा दोघं गात होती आणि दोघंही बेसूर होती.

दुपारी खोपट्यात ती मला घासायला बसली. ब्रश फिरवता फिरवता तिचं नख माझ्या चिरेत अडकलं. काहीतरी मऊ लागलं. तिने ते चिमटीत धरून उजेडात नेलं. ऊ. मोठी मादी, अंड्यांच्या दोन्ही शेपट्यांसकट.

"तू कुठली गं?" एल्स्पा म्हणाली. तिने खिशातून कागद काढला. चौथ्याचं पाणी तिने स्वतः गाळलं होतं, पहिल्या दोन्हींचंही. तिसऱ्यासमोर शून्य होतं. इतक्या वर्षांत तळाला शून्य कधी आलेलं नव्हतं. मग तिला आठवलं असावं की कॉफीनंतर बाहेर आली तेव्हा मला औषधाचा वास येत होता. ती पालथ्या बादलीवर बसली.

हानुसला निरोप गेला. तो हसतच आला. तिने तळहात पुढे केला. त्याचं हसू मावळलं.

"मी धुतला," तो म्हणाला. "धुवायचा नियमच आहे!"

"गाळून धुवायचा."

"आठवलं नाही गं."

"मग आठवलं कधी?"

हानुस वर टांगलेल्या मांसाकडे बघत राहिला. "तू शून्य लिहिलंस तेव्हा."

"आणि गप्प बसलास."

"मग काय करू? अकरा बायका, आत्या! रन्वा बाळंतीण. ही एक धर ना हिशेबात, मी कुठे नाही म्हणतो. एकोणचाळीस. तरी पास."

"ही सापडलेली. समुद्रात ओतल्यास त्या किती?"

"असतील एक-दोन. एवढ्यासाठी खाडी रिकामी करायची? राईचा पर्वत करतेस तू."

"सामालही असंच म्हणाला होता. बरे आहेत. मी ते एकदा ऐकून घेतलं. पुन्हा नाही ऐकणार."

हानुसचा चेहरा लाल झाला. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते खोटं नाही. कर, कर खात्याला फोन. पण मग रविवारी कुठल्या तोंडाने पोरीला हात लावशील ते सांग."

तो गेल्यावर तिने फोन लावला. मी फटीतून सगळं ऐकलं. तिने हानुसचं नावही घेतलं नाही. "मोजणी अर्धी टाकून मी कॉफीला गेले," ती म्हणाली. "तिसऱ्याचं पाणी गाळलं नाही. शून्य मी बघून लिहिलं नाही, समजून लिहिलं. चूक माझी आहे. तिसरा पिंजरा मला पुन्हा मोजू द्या." त्या बाईला नोकरी जाईल याची भीती नव्हती असं नाही. पण बोलली ती खणखणीत.

दुसऱ्या दिवशी खात्याचा माणूस समोर उभा राहिला आणि एल्स्पाने तिसरा पिंजरा पुन्हा मोजला. माशांच्या अंगावर नऊ. माझ्या तळाशी चार. तेरा. एकूण त्रेचाळीस. तिसरा लाल शेरा.

आठवड्याभरात बोटी आल्या आणि पिंजरे रिकामे झाले. मासे वाया गेले नाहीत, पण पुरते वाढलेही नव्हते. अकरा बायका बोगद्यापलीकडच्या गावात कामाला जाऊ लागल्या, पहाटेच्या बसने. हानुस मासेमारीच्या मोठ्या जहाजावर चढला. दुकानात एल्स्पा शिरली की बोलणं थांबायचं. ठरलेल्या रविवारी बाप्तिस्म्याला पोरीला रन्वाच्या बहिणीने धरलं. एल्स्पा शेवटच्या बाकावर बसून आली, घरी येऊन तिने मला घासलं. मी स्वच्छच होतो. तरी घासलं. "पांढरे मोजे विणले होते," एवढंच म्हणाली.

तेव्हा मला पहिल्यांदाच माझ्या चिरेचा राग आला. ती ऊ घसरून गेली असती तर! पण नाही. मी मोजणीचा टब आहे, आणि जे माझ्यात पडलं ते पडलं. कटू वाटलं तरी मी तेच म्हणेन.

खाडी आठ महिने झोपली. खात्याने एल्स्पाला लेखी ताकीद दिली, नोकरी मात्र ठेवली. आणि नियमावलीत माझ्या वाक्यामागे दुसरं वाक्य बसवलं: 'गाळण्यापूर्वी टब धुऊ नये.' म्हणजे आता माझ्या नावावर दोन वाक्यं आहेत. खात्यातल्या खुर्चीच्या नावावरसुद्धा एवढी नसतील. शेजारच्या खाडीत त्या वर्षी एकही लाल शेरा आला नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात आमच्या पाण्यात नवे मासे सोडले तेव्हा ते पाणी इतकं निवळलेलं होतं की धक्क्यावरून खालचे दगड मोजता येत होते. बायका टेबलावर परत येणार हे ठरलं. हानुसही जहाजावरून उतरून पुन्हा मुकादम झाला. एल्स्पाशी मात्र बोलत नव्हता.

नवे मासे जरा वाढले आणि शरदात पुन्हा मोजणी सुरू झाली. दोघं एका तराफ्यावर, मधे मी. "मासा." "हं." "पुढचा." "हं." पहिल्या पिंजऱ्याचे दहा झाले. एल्स्पा चाळणी घ्यायला वळली, तर चाळणी हानुसच्या हातात. त्याने गुडघे टेकले, तो वाजणारा गुडघाही, आणि माझं पाणी थेंबाथेंबाने गाळलं. मग बोट घालून माझी चीर तपासली. आजवर एल्स्पाखेरीज तिथे कोणी बोट घातलं नव्हतं.

"तळाशी एक," तो म्हणाला. "लिहा, मोजणीबाई."

तिने लिहिलं. मधेच नव्या पोऱ्यांपैकी एकाने आतून हाक मारली, कॉफी तयार आहे म्हणून. एल्स्पाने तोंड उघडायच्या आत हानुस खेकसला, "आधी टब, मग कॉफी! कितीदा सांगायचं?" एल्स्पा कागदात तोंड घालून काहीतरी शोधायला लागली. कागदावर चार ओळी होत्या, शोधण्यासारखं काही नव्हतं.

चार पिंजरे मिळून सहा उवा. सहा! बोट धक्क्याला लागली. एल्स्पाने मला उचललं आणि खोपट्याकडे चालायला लागली. मागून पावलं आली, एक वाजणारं.

"आत्या."

ती थांबली. वर्षभरात तिने हा शब्द ऐकला नव्हता.

"आज पोरीचा वाढदिवस आहे," हानुस म्हणाला. "ती चालायला लागलीय. सारखी पडते. धरायला कोणीतरी हवं."

एल्स्पाने मला खोपट्याच्या दारात ठेवलं. आत जाऊन बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पांढरे मोजे होते, लहानच राहिलेले, पोरीला आता अंगठ्यापलीकडे न चढणारे. तरी घेऊन गेली.

आता नवी यंत्रं येणार म्हणतात. पाण्यात कॅमेरा सोडला की तोच उवा मोजेल. येऊ द्या, माझी हरकत नाही. एकच सांगतो, कशानेही मोजा, पण कोणी 'बरे आहेत' म्हटलं म्हणून पुढे जाऊ नका. तळ बघा, आणि तळाला चीर असेल तर तीही बघा. नियम कितीही असोत, ते पाळायला हात लागतो तो माणसाचाच.

त्या दिवशी एल्स्पा मला धुवायची विसरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी रात्रभर खारट अंगाने दारात पडून होतो आणि वरच्या हानुसच्या घरातून पोरीचं हसणं येत होतं. चालतंय की. गाळून झालं होतं.